वजन तेच, काम कमी

शनिवार, २९ मार्च २०२५

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.६. थायरॉईड ठीक, साखर ठीक, बी-१२ काठावर. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला सारले आणि विचारलं, "दिवसभरात तुम्ही बसता कधी?" मी म्हटलं, "वर्गात खुर्ची आहे." त्या हसल्या नाहीत.

दिवाळीनंतर वजन उतरवायला सुरुवात केली तेव्हा ८४ किलो होते. आज ७६.४. फेब्रुवारीच्या मध्यापासून काटा जागचा हललेला नाही. हलली ती बाकी सगळी यंत्रणा. कंगव्यात केसांचे पुंजके येतात. बाहेर मार्चचं ऊन पेटलंय आणि माझे पाय गार. पहाटे तीनला टक्क जाग येते. परवा वर्गात एका पोराने खडू मोडला एवढ्यावरून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पोरगं बिचारं घाबरून बाकाखाली गेलं. वजन उतरवणाऱ्यांच्या गटाच्या मार्गदर्शक ताईंना हे सगळं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं: खाण्यात आणखी शंभर कॅलरी कमी करा, चालणं पाऊण तासाचं एक तास करा, मन खंबीर ठेवा.

डॉक्टरबाईंचं उत्तर उलटं. दोन महिने वजन कमी करायचं नाही. वाढवायचं नाही, कमीही करायचं नाही, आहे तिथे राहायचं. रोज दोन भाकरी जास्त, दोन्ही जेवणांत डाळ किंवा अंडं. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. देवीच्या गडाच्या पायऱ्या बंद. पहाटेचं चालणं बंद, संध्याकाळी मन झालं तर फिरावं, घाम काढायचा नाही. दहाला दिवा बंद. काटा माळ्यावर.

"आणि वाढलं तर?"

"पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वाढेलच. ती चरबी नसते. शरीर साखरेचा साठा भरून घेतं आणि त्या साठ्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. घाबरून परत उपाशी राहू नका."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "मग बरंच झालं की," म्हणाले, आणि कांद्याच्या मजुरांना फोन लावत बाहेर गेले. उद्या पाडवा. पुरण मला घालायचंय. दोन महिने विश्रांती.

बुधवार, २ एप्रिल

काल कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क उठलं. गल्लीत सगळीकडे तोच विषय, भाव वाढणार का. ह्यांचं म्हणणं, उन्हाळ कांदा आता आमच्या सगळ्या कसमादे भागात एकदमच निघतोय, शुल्क काढायची वेळ बरोबर साधली सरकारने. त्यांना टोमणा मारायचा होता, मी नुसती हं म्हटलं.

झोपेबद्दल लिहायचंय. माझी योजना कागदावर फार सुबक होती. ४.३०ला उठणं, पाऊण तास चालणं, मग आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, चहा, ह्यांचा डबा, माझा वेगळा डबा (उकडलेलं, वजन करून), ६.१५ला गाडी, सकाळची शाळा, दुपारी घरी, जेवणं, कपडे, चार वाजता मजुरांचा चहा, संध्याकाळी व्यायामाचा व्हिडिओ, रात्री ॲपमध्ये दिवसभराच्या घासांचा हिशेब. झोपायला साडेअकरा. म्हणजे पाच तास. आणि अ‍ॅप रोज विचारायचं, आज तुम्ही स्वतःसाठी काय केलंत?

शिकागोला २०१० साली एक छोटा प्रयोग झाला. दहाच माणसं होती, जाड, माझ्यासारखीच. त्यांना चौदा दिवस मोजून जेवण दिलं. एकदा रात्री साडेआठ तास अंथरुणावर राहू दिलं, एकदा साडेपाचच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण झोप कापली तेव्हा उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही खाली आला. बाकीचं गेलं ते अंगातल्या मासाचं. दहा माणसांवरून जगाचा नियम करू नये हे मलाही कळतं. तरी माझे जे आठ किलो गेले त्यातलं मास किती आणि चरबी किती, हा प्रश्न आज दिवसभर पोळ्या लाटताना डोक्यात होता.

कालपासून ५.३०ला उठते. चालायला जात नाही. तो एक तास अंथरुणात पडून राहते आणि छताकडे बघते. झोप लागत नाही. पडून राहणंही शिकावं लागतं असं दिसतंय.

शनिवार, ५ एप्रिल

मुलाने नाशिकहून एका जुन्या प्रयोगाची माहिती पाठवली. "आई, हे तूच आहेस," असं खाली लिहून.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं जेवू घालायचं, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुण घेतले. युद्धावर जायला नकार दिलेले, तब्येतीने धडधाकट, स्वतःहून आलेले. १९४५च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आठवड्याला बावीस मैल चालायचं. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. पण खरं वाचण्यासारखं आहे ते पुढचं. ही पोरं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणू लागली. पुस्तकात, मुलींत, गप्पांत कशात लक्ष लागेना. लक्ष फक्त जेवणात. ज्यांना आयुष्यात अंडं उकडता येत नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताट चाटून पुसून ठेवायचे. आणि पोटभर खायला मिळू लागल्यावरही कित्येक महिने त्यांची भूक भागली नाही. कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सगळं १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापलं.

मी फेब्रुवारीत रात्री मोबाइलवर काय बघायचे? मांडे करण्याचे व्हिडिओ. खापरावर मांडा टाकणाऱ्या बायका. स्वतः करणार नव्हते, खाणार तर मुळीच नव्हते. ह्यांना वाटलं, मी आखाजीच्या सणाची तयारी करतेय.

त्या तरुणांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरी मिळत होत्या. माझ्या कागदावर १२०० होत्या. ते उंच पुरुष होते, त्यांची गरज जास्त, हे धरूनही तो आकडा मी दोनदा वाचला. युद्धातल्या उपासमारीच्या प्रयोगात माणसांना जेवढं दिलं त्याच्याहून कमी खाऊन मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते आणि ताई म्हणत होत्या, मन खंबीर ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या आपल्या रोगांच्या यादीत नीट बसवली, तीही मुलाने पाठवली आहे. तो आजार नाही, नोकरीच्या ठिकाणच्या न संपणाऱ्या ताणाचा परिणाम आहे, आणि आयुष्यातल्या इतर कशालाही तो शब्द लावू नये, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे शाळेमुळे थकले तर चालेल. शाळेनंतरच्या कामाने थकले तर ते कोणत्या रकान्यात घालायचं, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

परीक्षा कालपासून सुरू. राज्यभर एकच वेळापत्रक, २५ तारखेपर्यंत. एरवी या सुमाराला आमची वर्गवाटपाची गंमत चाललेली असते.

गडाचे पदयात्री दोन दिवस झाले गावातून जाताहेत. धुळे, शिरपूर, अमळनेर, कुठून कुठून. भगवे झेंडे, पुढे वाजणारा टेम्पो, त्यात भांडी, पिठाची पोती, एखादी आजारी म्हातारी. रामनवमी झाली की चैत्र पौर्णिमेपर्यंत आमचा रस्ता त्यांचाच असतो. आत्या ओट्यावर ताकाचा हंडा भरून बसतात, गेली चाळीस वर्षं.

दुपारी शाळेतून आले तर ओट्यावर एक बाई घमेल्यात पाय सोडून बसलेली. माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची. तळव्यांना फोड. मी हळद-तेल गरम करून दिलं. किती दिवस चालताय, थकत नाही का, असं काहीबाही विचारलं. म्हणाली, "दुपारले चालतस नई. बारा वाजता बसतस, चार वाजता उठतस." आणि खरोखर बोलता बोलता तिथेच पदर डोक्याखाली घेऊन झोपली. भर रस्त्यालगत, टेम्पोच्या भोंग्यात. चारला उठली, तोंड धुतलं, चालू लागली.

त्यांचं वेळापत्रक मला माझ्यापेक्षा शहाणं वाटलं. पहाटे आणि संध्याकाळी चाल, दुपार आडवं होण्यासाठी राखीव, आणि ती राखीव आहे हे सगळ्या दिंडीला मान्य. कोणी कोणाला आळशी म्हणत नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये दुपारी पडलं की तो वेळ लाल रंगात यायचा. 'निष्क्रिय.' आज ते मोबाइलमधून काढून टाकलं.

बुधवार, १६ एप्रिल

शाळेत आरोग्य तपासणी. आमची शाळा तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका पाड्यावर आहे. मुलं बहुतेक कोकणा आणि भिल्ल घरांतली. काटा मांडला, मी नावं घेत होते, सिस्टर आकडे लिहीत होत्या. तिसरीतली एक मुलगी १७ किलो. तिने काट्यावर चढताना दप्तर काढलं नाही. काढ म्हटलं तर म्हणाली, "राहू द्या ना बाई, जास्त येईल."

पाच महिने मी काट्यावर चढताना कानातलेसुद्धा काढून ठेवत होते.

तिची आई न्यायला आली होती. कांदा काढणीच्या टोळीत जाते, उक्तं काम, पहाटे अंधारात गाडी येते. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाई, किती वाळल्या. घरात काही झालं का?" तिच्या भाषेत वाळणं ही वाईट बातमी. इथे पाड्यावर गरोदर बायकांना दिवसातून एक चौरस जेवण मिळावं म्हणून २०१५ पासून सरकारची अमृत आहार योजना चालू आहे, आणि मी डब्यातली भाकर अर्धी करून उरलेली परत घरी नेणारी बाई.

कोणी म्हणेल, मग तुमचं वजन म्हणजे चैनीचं दुखणं. मला तसं वाटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मला ट्रेनिंगला ऐकायला मिळालं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांच्यावर त्यांनी लक्ष ठेवलं. आपल्याकडची बाळं जन्मतः हलकी, हाडकुळी दिसतात, पण त्या हलक्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त. आईच्या पोटात ज्यांना कमी मिळालं, त्यांच्याच वाट्याला पुढे खायला मिळू लागल्यावर साखर आणि पोटाचा घेर येतो. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. फोटोत दोघंही सडपातळच.

१९७२च्या दुष्काळानंतर आमच्या घरात खायचे वांधे होते, आणि मी जन्मले तेव्हा तळहाताएवढी होते असं आई सांगते. त्या तिसरीतल्या पोरीचा काटा आणि माझा काटा एकाच गोष्टीची दोन टोकं मोजतात. तिला वाढायचं आहे, मला घटायचं आहे, आणि दोघींच्या घरात कोणी निवांत बसलेलं नाही.

तिची आई आज कामावर गेली नव्हती म्हणून आज घरी चूल पेटली नसणार. हे लिहिताना कळतं की माझी दोन महिन्यांची विश्रांतीही पगारावर उभी आहे.

रविवार, २० एप्रिल

पौर्णिमेची गर्दी ओसरली. गडावर जाऊन आलो. पायऱ्या बंद असल्यामुळे ट्रॉलीने. २०१८ला सुरू झाली तेव्हापासून तिच्यात पाय न ठेवण्याचा माझा हट्ट होता. हिवाळ्यात दर रविवारी पायऱ्या चढून वर घड्याळ बघायचे, मागच्या वेळेपेक्षा किती मिनिटं कमी. देवीकडे नीट बघितलं नव्हतं. आज बघितलं. अठरा हात, प्रत्येकात वेगळं आयुध, आणि मान किंचित कललेली. मार्कंडेय ऋषी समोरच्या डोंगरावरून सप्तशती सांगतात आणि ती कान देऊन ऐकते, अशी कथा. म्हणजे महिषासुर मारून झाल्यावर ती ऐकत बसली आहे. अठरा हात असून.

आत्या खाली उतरताना म्हणाल्या, "आते तुनं तोंड बरं दिखस." माझं तोंड बरं दिसतंय. जानेवारीत सगळी शाळा 'किती बारीक झालात' म्हणत होती तेव्हा आत्या गप्प होत्या, हे मला आज आठवलं.

रविवार, २७ एप्रिल

पेपर तपासून झाले. झोप रात्री सलग सहा तास लागते. पाय गार पडणं थांबलं. काटा माळ्यावरच. साडीच्या निऱ्यांवरून अंदाज घेते, तेवढा अंदाज पुरतो.

मुलाने आणखी एक अभ्यास पाठवलाय, ऑस्ट्रेलियातला. एकावन्न लठ्ठ पुरुष. अर्ध्यांनी सोळा आठवडे सलग कमी खाल्लं. अर्ध्यांनी दोन आठवडे कमी, दोन आठवडे गरजेपुरतं पोटभर, असं आलटून पालटून, कमी खाण्याचे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. सलगवाल्यांचं वजन सरासरी नऊ किलो उतरलं, थांबत थांबत जाणाऱ्यांचं चौदा. पुढे बायकांवर असेच प्रयोग झाले त्यांत वजनाचा एवढा फरक दिसला नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. मला त्यातली एक गोष्ट टोचली. त्या एकावन्न पुरुषांना जेवण तयार करून घरपोच दिलं होतं.

आणि हे वर्तमानपत्रातलं कात्रण. केंद्राच्या सांख्यिकी विभागाने फेब्रुवारीत २०२४ची वेळ-वापर पाहणी जाहीर केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. तेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी? कोण आहेत हे लोक?" खरं तर विनोद चांगला होता.

वजन उतरवायचा कागद मी नोव्हेंबरात लिहिला तो आज काढून बघितला. त्यात सगळी कामं वाढवलेली आहेत. चालणं वाढलं, वेगळा स्वयंपाक वाढला, मोजणं वाढलं, व्यायाम वाढला. पाचही महिन्यांच्या कागदांत घरातलं एकही काम कमी केल्याची नोंद नाही. माझी इच्छाशक्ती वगैरे काही संपली नव्हती. दिवसातले तास संपले होते. लोकांना इच्छाशक्तीवर बोलायला आवडतं, कारण त्यात घरातल्या दुसऱ्या कोणाला उठावं लागत नाही.

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी

आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. मातीची घागर पुजून पितरांना आंब्याचा रस-पोळी दाखवायची. झाडांना झोके. सालदारांचं साल संपतं आणि नवं ठरतं. वर्षभर राबणाऱ्या गड्याला निदान आजचा दिवस हक्काचा मिळायचा. आणि सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. उन्हाळ्यातलं काम उरकलेलं असतं, पेरणी लांब असते. मधल्या या फटीत बाईने चार दिवस काही करायचं नाही, झोका घ्यायचा, गाणी म्हणायची, हे ज्यांनी बसवलं ते लोक हुशार होते. लाजून, परवानगी मागून घ्यायची विश्रांती नाही ही. न्यायला माहेरचा मुऱ्हाळी येतो, म्हणजे ती सगळ्या गावासमोर ठरलेली असते.

माझी नणंद काल आली. मालेगावला असते, दोन पोरं, शिवणकाम. आली ती सरळ आतल्या खोलीत झोपली. मला बरं वाटलं आणि रागही आला. कारण तिच्या झोपेचं पुरण मी शिजवत होते. माहेरवाशिणीची विश्रांती म्हणजे भावजयीचं काम. माझी भावजय दर वर्षी माझ्यासाठी हेच करते आणि मी आजवर कधी तिच्या कपाळाकडे बघितलं नाही.

दहा वाजता मला भोवळ आल्यासारखं झालं, ओट्याला धरून उभी राहिले. आत्यांनी बघितलं. ऐंशीच्या घरातल्या बाईने जो आवाज लावला तो शेजारच्या गल्लीत गेला असेल. "तू बस वं. मी शे ना." मग लेकाला: "आंबा तू पिळ." मग लेकीला उठवलं. हे बनियनवर बसून दोन पाट्या आंबे पिळत होते, नणंद मांडे टाकत होती, आत्या चुलीजवळ पाट घेऊन हुकूम सोडत होत्या. मी आतल्या खोलीत पंख्याखाली. नणंदेचा पहिला मांडा फाटला, दुसरा जळला, तिसऱ्यापासून जमले.

दोन मांडे आणि वाटीभर रस खाल्ला. किती कॅलरी ते मला पाठ आहे, पण लिहीत नाही.

सोमवार, ५ मे

पिंपळनेर, माहेर. शाळेचा निकाल १ मेला झेंडावंदनानंतर लागला, सुट्टी सुरू. सटाणा-ताहाराबाद मार्गे बसने आले. मी येणार म्हणून भावजयीला मीच फोन केला होता की तू तुझ्या माहेरी जा, मी असेपर्यंत इथलं बघते. ती खरंच गेली! शिंदखेड्याला, लग्नानंतर आखाजीच्या महिन्यात पहिल्यांदाच. भाऊ खिचडी करतो. रोज खिचडी. आई रोज म्हणते, आज खिचडी छान झाली.

दुपारी दोन तास झोप. जाग आली तेव्हा क्षणभर कुठे आहे ते कळेना, इतकी गाढ.

शुक्रवार, ९ मे

टीव्हीवर दोन दिवस युद्धाच्या बातम्या. भाऊ रात्रभर बघतो. मी माझी खाट मागच्या अंगणात हलवली. मध्यरात्री अवकाळीचे थेंब पडले, परत आत. घरी कळवणला कांदा उघड्यावर आहे. ह्यांना फोन केला, म्हणाले ताडपत्री टाकली, तू झोप.

'तू झोप' हे शब्द लग्नानंतर त्यांच्या तोंडून मी आजारपण सोडून ऐकलेले आठवत नाहीत.

रविवार, १८ मे

परत कळवण. पाऊस थांबायला तयार नाही, मे महिना वाटतच नाही. चाळीत भरायच्या आधी कांदा भिजला त्यांचं काही खरं नाही; आमचा अर्धा वाचला. हे दिवसभर भिजका निवडत होते. मी दोन तास जाऊन बसले, बाकीचा वेळ नाही. आधीची मी असते तर संध्याकाळपर्यंत वाकून निवडला असता, वर तो व्यायामात मोजला असता.

हिमोग्लोबिन १०.९. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या अजून तीन महिने, आकडा बरोबर आला तरी, कारण शरीराचा साठा नंतर भरतो. काट्यावर उभं केलं: ७७.१. म्हणजे सात आठवडे पोटभर जेवून, मांडे-रस धरून, पाऊण किलो. मला कोणी हे फेब्रुवारीत सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पोटाचा घेर मोजला. बाईसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची रेषा; मी अजून खूप पुढे आहे. वजन उतरवायचंच आहे. गुडघे माझेच आहेत आणि आईची साखर माझ्या वाट्याला यायची टांगती आहे.

"कधी सुरू करू?"

"झोप सात तासांवर गेली की. आणि मला आधी सांगा, घरातलं कोणतं काम सुटलं."

वजन उतरवणारी नवीन इंजेक्शनं आली आहेत त्यांबद्दलही विचारलं. मार्चमध्ये एक भारतात आलं, स्टाफरूममध्ये त्याची किंमत सगळ्यांना पाठ आहे. त्या म्हणाल्या, काही पेशंटना ती लागतात आणि चांगली लागू पडतात, तुमचं बघू सहा महिन्यांनी. पण इंजेक्शन भांडी घासत नाही. (हे दुसरं वाक्य त्यांचं नाही, माझं. घरी येताना सुचलं.)

मंगळवार, २७ मे

मोसमी पाऊस काल मुंबईत पोहोचला, इतक्या लवकर. शाळा १६ जूनला.

काल रात्री जेवणानंतर बसून ठरवलं. आत्या, हे, मी, मुलगा फोनवर. माझा वेगळा स्वयंपाक बंद, जे घरात शिजेल तेच मी कमी वाढून घेणार. भाकर नागलीची किंवा बाजरीची, सगळ्यांना. चालणं पहाटे नाही, संध्याकाळी गिरणेच्या रस्त्याने अर्धा तास. पंधरा दिवस कमी खाणं, पंधरा दिवस गरजेपुरतं पोटभर, असं दिवाळीपर्यंत. वजन महिन्यातून एकदा, डॉक्टरबाईंच्या काट्यावर. घरचा काटा मी पाड्यावरच्या अंगणवाडीला देतेय, तिथला बिघडलाय. आत्या म्हणाल्या सकाळचा चहा त्या करतील, गुडघे दुखले तर सांगतील. रात्रीची भांडी आणि मजुरांचा चार वाजताचा चहा ह्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, ही काही दोन महिन्यांची गोष्ट नाही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मुलगा फोनवरून म्हणाला, "पप्पा, अठ्ठ्याऐंशी मिनिटं." ह्यांनी हो म्हटलं.

काल रात्रीची भांडी त्यांनी घासली. कढईला खरकटं राहिलं होतं. मी परत घासली नाही.